औंढ्याच्या डोंगरावरचं गवत

सरांच्या घरून फोन आला तेव्हा मी तो उचलला नाही. कॉलेजात प्रात्यक्षिकाचा तास चालू होता हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं. तीन आठवडे झाले, मला त्या नंबरची भीती वाटत होती. फोन पुन्हा वाजला, तेव्हा व्हरांड्यात जाऊन घेतला. पलीकडे काकू होत्या. "रेहाना, सर गेले गं," एवढंच म्हणाल्या. सकाळी चहा घेता घेता गेले. पुढचं लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. सर आता मला काही विचारणार नाहीत, असं मनात आलं. तो क्षण एका श्वासाएवढाच असेल. पण त्यानंतर मला माझीच जी भीती वाटायला लागली, ती दीड महिना झाला तरी गेलेली नाही.

पुंडगे सर वनस्पतिशास्त्राचे. गाव कनेरगाव नाक्याच्या अलीकडचं, आईवडील दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-खुरपणी करायचे. "माझ्या आईनं जेवढं गवत उपटलं, तेवढं मी अजून ओळखलंही नाही," असं ते वर्गात सांगायचे आणि आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत. हिंगोलीच्या कॉलेजात त्यांनी आम्हाला शिकवलं, नंतर विद्यापीठाच्या विभागात गेले, पण घर इथंच ठेवलं. दर शनिवारी एस.टी.नं यायचे, मांडीवर वर्तमानपत्रात बांधलेला गवताचा गठ्ठा. ते कधी ओरडले नाहीत. काही चुकलं की चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसायचे, आणि आम्हाला तेच जास्त लागायचं. अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि मला पुढं शिकवायचं की नाही, यावर घरात बोलणं चाललं होतं. तेव्हा सर दुकानात येऊन तासभर बसले. काय बोलले ते मला आजवर कळलेलं नाही. अब्बा घरी येऊन एवढंच म्हणाले, "पढने दो, मास्टर जिम्मा ले रहा."

ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती त्यांच्याच विभागात मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची. त्या पावसाळ्यानंतर आमची सहल सह्याद्रीच्या घाटात जाऊन आली होती, आणि त्याच आठवड्यात सरांनी आम्हाला हिंगोलीजवळच्या औंढ्याच्या डोंगरावरही नेलं होतं. दोन्हीकडचं गवत एकदमच वाळत होतं. गोळा केलेली रोपं वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून दाबायची, रोज कागद बदलायचे, आणि कुठलं रोप कुठं सापडलं याची चिठ्ठी दोऱ्यानं त्याच्या काडीला बांधायची, ही सरांची शिस्त. मी दोरा बांधला नव्हता. घाई होती, म्हणून चिठ्ठ्या नुसत्याच घडीत सरकवल्या होत्या. कागद बदलायला सगळ्या घड्या टेबलावर उघडून ठेवल्या असताना पंखा लागला आणि चिठ्ठ्या खोलीभर उडाल्या. मी त्या वेचल्या आणि आठवेल तशा परत ठेवल्या. बहुतेक ठिकाणी मला खात्री होती. एका गवताबद्दल नव्हती. बारीक, गुडघ्याइतकं, कणसावर जांभळट लव असलेलं. त्याच्या घडीत मी औंढ्याची चिठ्ठी ठेवली.

त्या गवतानं सर मोठे झाले. घाटाशिवाय कुठं न सापडणारं गवत इतक्या पूर्वेला, आपल्या कोरड्या डोंगरावर कसं, यावर त्यांनी पहिला मोठा शोधनिबंध लिहिला. नंतर दर वर्षी त्याच्या शोधात ते डोंगरावर जात राहिले. ते पुन्हा सापडलं नाही. मग सरांनी लिहिलं की ते गवत आपल्या डोळ्यांदेखत, चराईनं आणि वणव्यानं संपलं. त्या लेखानं तर बाहेरचे लोक औंढ्याचं नाव घ्यायला लागले. आणि मी...? मी प्रत्येक वेळी अभिनंदनाचा फोन केला. आधी वाटलं, चिठ्ठी बरोबरच असेल. मग वाटलं, आता फार उशीर झाला. मला आजही नक्की सांगता येत नाही की ती चूक होती. पण बरोबर होती असंही मला कधी म्हणता आलं नाही, आणि ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती.

यंदा विद्यापीठानं सरांना विशिष्ट प्राध्यापक हे पद जाहीर केलं. सगळ्या विभागांत मिळून एखाद्यालाच मिळतं ते. मी पेढे घेऊन गेले तेव्हा सरांचे थोरले भाऊ दादाराव गावाहून आलेले होते. टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, "विशिष्ट म्हंजी कसं? आतापर्यंत साधाच होता व्हय ह्यो?"

"तसंच समज, दादा."

"मंग आता तरी सांग, यंदा हळदीचं बेणं कोणतं लावावं?"

"ते ह्यायला आधीबी येत नव्हतं अन् आताबी येत न्हाई," काकू आतून म्हणाल्या. सर त्या दिवशी मात्र हसले. आणि जाताना मला म्हणाले, "परिचय तू लिही. समारंभात वाचायचाही तूच."

चार दिवस मी तो परिचय लिहीत होते. जन्म, शिक्षण, विद्यार्थी, सगळं लिहून झालं. गवताचं वाक्य आलं की पेन थांबायचं. पाचव्या दिवशी, रविवारी दुपारी, मी सरांकडे गेले. काकू शेजारी गेलेल्या होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, दोऱ्याचंही. मला वाटलं, आता चष्मा निघेल. तो निघाला नाही. मग त्यांनी विचारलं, "पंखा कोण लावला होता?"

"तुम्हीच, सर. उन्हातून आला होतात."

"व्हय?" ते म्हणाले. "मला काहीच आठवत न्हाई, रेहाना." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. माणूस असा घाबरला की लहान दिसतो. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आले आणि म्हणाले, "सवड काढून विभागात ये एकदा."

मी गेले नाही. तिथं इतरांसमोर ते काय विचारतील, या भीतीनं गेले नाही. रोज ठरवायची, रोज काही काम काढायची. शनिवार आला की ते घरी आले असतील, हे मनात यायचं आणि मी त्या रस्त्यानं जाणंही टाळायची. त्यांचा फोन आला नाही, याचा अर्थ मी राग असा घेतला.

मातीला आलेले लोक पांगल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "काहून काय माहीत, तीन आठवड्यात दोनदा डोंगरावर जाऊन आले. मी म्हटलं, ह्या वयात कशाला तकलीफ करून राहिले? तर म्हणे, एकदा बघून येतो. आदल्या दिवशी उतरून आले तर म्हणे छातीत भरून येऊन राहिलं." त्यांच्या बोलण्यात दोष नव्हता. त्यांना काही माहीतच नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली, की त्या डोंगरावर त्यांना मी पाठवलं. डॉक्टर म्हणाले, हे कधीही झालं असतं. मी ते ऐकलं. रात्री झोप लागत नाही तेव्हा ते वाक्य उपयोगी पडत नाही. पुढच्या आठवड्यात मी काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यायला सांगितलंस न? मंग झालं." झालं की नाही, ते मला कळत नाही.

पद आता मरणोत्तर देणार आहेत. काकू ते स्वीकारतील आणि परिचय मीच वाचायचा, असं विभागातून कळवलं. तेव्हा कुठं मी विभागात गेले. वाळवून चिकटवलेल्या रोपांचे कागद जिथं ठेवतात, त्या खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास होता. शिपायानं कपाट उघडून दिलं आणि तो बाहेर गेला. मी ते गवत काढलं. कोपऱ्यात माझ्या हातची जुनी चिठ्ठी तशीच होती. आमच्या कामात जुनी चिठ्ठी कधी फाडत नाहीत, खोडतही नाहीत. चूक कळली की शेजारी नवी चिठ्ठी चिकटवायची, खाली सही आणि तारीख. तशी नवी चिठ्ठी तिथं होती, सरांच्या अक्षरात: "ठिकाण अनिश्चित. औंढ्याची नोंद ग्राह्य धरू नये." खाली त्यांची सही. त्याखाली त्यांनी माझं नाव लिहिलं होतं आणि सहीपुरती जागा कोरी ठेवली होती. त्यांच्या सहीची तारीख मी त्यांच्या घरी गेले होते, त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.

म्हणजे डोंगरावर जायच्या आधीच त्यांनी लिहून टाकलं होतं. पद वाचवायला ते गेले नव्हते. आणि ते तीन आठवडे रागावलेले नव्हते, माझी वाट पाहत होते... मी बराच वेळ ते पान हातात धरून उभी होते. बाहेर कुणाची पावलं वाजली की दचकत होते.

परिचयात मी गवताचं वाक्य आता चिठ्ठीवर आहे तसंच लिहून पाठवलं आहे. विभागातून एक जण म्हणाले, "मॅडम, समारंभात हे कशाला?" समारंभात ते वाचताना माझा आवाज राहील का, याची मला आत्ताच धास्ती आहे. पण चिठ्ठीवर मी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं आहे. सहीखाली खरी तारीख घातली. सरांच्या तारखेत आणि माझ्या तारखेत दोन महिन्यांचं अंतर आहे. पुढं कुणी ते गवत पाहायला काढलं, तर दोन सह्यांमधलं हे अंतर त्याला दिसेल, आणि का पडलं ते सांगायला सर नसतील; ते मलाच सांगावं लागेल.