तालीम बंद आहे

नाहिदच्या गळ्यात कुणी घाईघाईनं काही मारून दाखवावं! गाड्यावरचं वांगं ती देठापासून बुडापर्यंत फिरवून बघते. साडीला फॉल-पिको करून घ्यायला आलेल्या बाईलाही मशीनला पाय लावायच्या आधी विचारते, "फॉल पाण्यातून काढला का? मंग मागून आकसला म्हणून मला बोलायचं न्हाई." जालन्यातल्या तिच्या गल्लीतल्या बाया म्हणतात, ही लई चिकित्सा करते. म्हणोत बापड्या. त्यांच्याच साड्या वर्षानुवर्षं हिच्याकडं येतात.

तर अशा या बाईला यंदा पोरीसाठी शाळा निवडायची होती. कहकशा, तिची एकुलती एक, गल्लीतल्या उर्दू शाळेतून पाचवी झाली आणि ती शाळा पाचवीलाच संपत होती. पुढं दोन वाटा. एक बाजारामागची महापालिकेची मराठी शाळा, थेट दहावीपर्यंतची. दुसरी नव्या वस्तीतली इंग्रजी शाळा, टाय-बूट आणि पिवळ्या बसची.

नवरा इस्माईल गाद्या भरतो. त्याचं मत ठरलेलं. (घरात बोलणं उर्दूत चालतं, आपण मराठीत सांगू.) "फुकटातली शाळा फुकटासारखीच असते. पोरगी इंग्रजीत टाक. खर्च मी बघतो."

"आधी मी शाळा बघते," नाहिद म्हणाली.

इंग्रजी शाळेत तिला गार ऑफिसात बसवलं. काचेच्या पेटीतले मासे दाखवले, झोपाळे दाखवले. "आता वर्ग दाखवा," ती म्हणाली, तर तिथली बाई हसून म्हणाली, "पालकांना आत सोडत नाही." झालं! माल न दाखवता सौदा? नाहिद उठलीच. पण इस्माईलला मासे आवडले असते, हे तिला ठाऊक होतं, म्हणून घरी मासे सांगितलेच नाहीत.

ती एवढी का चाळत होती, ते सांगतो. नाहिद घनसावंगीकडच्या खेड्यातली. सातवीपर्यंत शिकली. पुढची शाळा तालुक्याला, आणि जायचं तर माणसांनी गच्च भरलेल्या जीपमधून. एक दिवस जेवता जेवता अब्बा म्हणाले, "आता बस झालं." भांडण नाही, रडारड नाही. भाकरी वाढावी तितक्या सहज तिची शाळा संपली. अब्बा वाईट नव्हते हो. पण त्या 'बस'चा राग तिच्या पोटात अजून आहे. कहकशाला असं मधेच कुठं थांबावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

समोरच्या घरातली सुमेधा अंगणवाडीत कामाला. तिची आकांक्षा महापालिकेच्याच शाळेत सातवीला. ती रोज टोचायची, "अगं, तू नुसती जाऊन तर बघ!"

एक दिवस नाहिद गेली. दुपारची खिचडी नुकतीच आटोपली होती आणि तिथले रामकिसन सर नळापाशी उभे राहून पोरांना ताटल्या नीट घासायला लावत होते. आता, नाहिदचं मराठी फॉल-पिकोपुरतं, बाजारहाटापुरतं एकदम फर्डं. पण गोष्ट मोठी असली की शब्द घरातला बाहेर येतो. आणि तिच्या घरात शिकण्याला म्हणतात तालीम.

तिनं बुरखा सावरला आणि अदबीनं विचारलं, "सर, तुमच्याकडं तालीम कशी हाय?"

सरांनी कपाळावर हात मारला. "तालीम? ती बंद पडली ना ताई! कवाच."

"बंद?"

"शिकवणारा वस्ताद मिळंना. पोरांना तरी कुठं गोडी राह्यली? घाम गाळायला नको. ती खोली दिसते ना, तिथं आता मोडके बाक टाकलेत."

"मंग... पोरींचं काय सर?"

"पोरींसाठी?" सर जरा हसले. "पोरींसाठी तर इथं तालीम कधी नव्हतीच."

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या! एवढं तोंडावर सांगायचं? वर हसायचं? ती तरातरा घरी आली आणि इस्माईलला म्हणाली, "टाका इंग्रजीत." मग संध्याकाळी सुमेधाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"तुझी पोरगी तिथं काय करून राह्यली गं? बाक मोजून राह्यली का? सर स्वतः म्हणाले, तालीम बंद हाय. पोरींसाठी तर नव्हतीच म्हणे!"

सुमेधाला असं हसू फुटलं की हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवून ती तिथंच बसली. "अगं बाई माझे! तालीम म्हणजे कुस्तीची खोली! पहिलं पोरं तिथं जोर-बैठका काढायची. आकांक्षा घरी येऊन सांगत होती, सर वर्गात म्हणाले, एक आई आल्ती, पोरीला पैलवान करायचंय तिला!"

नाहिदला हसावं की भुईत शिरावं कळेना. आधी चिडली, मग तीही हसत सुटली. हसता हसता डोळे मात्र भरले, कारण सरांचं ते वाक्य दुपारभर तिला खरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. या खेपेला कहकशा सोबत, आणि कुरकुरत का होईना, इस्माईलही. "सर, मला शिक्षण विचारायचं होतं," ती दारातच म्हणाली. सर ओशाळले. "चूक माझी पण हाय ताई. या, वर्गातच बसा."

तिघं मागच्या बाकावर बसले. भिंतीचा रंग उडालेला, एक पंखा बंद. सर अपूर्णांक शिकवत होते. मधेच एक पोरगी उठून म्हणाली, "सर, न्हाई कळलं." नाहिदचा जीव वर आला, आता ओरडतील. सर नुसतं म्हणाले, "बरं झालं बोललीस," आणि फळा पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. इस्माईलनं पुढं वाकून ऐकायला सुरुवात केली. अपूर्णांक त्यालाही कधी समजले नव्हते.

तास संपल्यावर इस्माईलनं विचारलं, "सर, आमची उर्दूतून आलेली. मराठीत मागं पडंल ना?"

"पहिले काही महिने पडंल," सर म्हणाले. खोटं बोलले नाहीत. "रडंल पण. मी शाळा सुटल्यावर थांबून वाचून घेतो अशा पोरींकडून. भाषेचं माझ्यावर सोडा. पण तुम्ही शाळा पारखून घेतली, आता मला एक विचारू द्या. आठवी-नववीत हिला काढून घेणार न्हाई ना? आमच्या पोरी नापास होऊन जात न्हाईत हो. घरचेच घेऊन जातात."

नाहिद हळूच, घरच्याच बोलीत म्हणाली, "सर, मेरे अब्बा को ये बात किसी ने पूछीच नहीं."

कहकशा आईकडं बघत राहिली. ही गोष्ट तिनंही आजवर ऐकली नव्हती.

इस्माईलनं खाली बघत टोपी सारखी केली आणि पुटपुटला, "न्हाई काढणार."

"जोरात बोला," नाहिद म्हणाली. "तिला ऐकू जाऊ द्या."

"न्हाई काढणार!" तो एवढ्या मोठ्यानं बोलला की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीशी येऊन बघायला लागली.