मंडळीला सांगितलेली कावीळ

हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्या वर्षांत मी तिथे नोकरीला लागलो. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. आमच्या मराठी चर्चच्या मंडळीतून सॉफ्टवेअरमध्ये गेलेला मी पहिलाच. रविवारी उपासना संपली की लोक मला गाठून आपल्या मुलांनी कोणता कोर्स करावा ते विचारत. मी उत्तर देत असताना आई शेजारी उभी असे, पर्स दोन्ही हातांनी धरून. मंडळीत तिचा मान माझ्यामुळे वाढला होता आणि तिला तो आवडत होता.

आधी झोप गेली. मग भूक. मग समोरच्या स्क्रीनवरचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं तरी आत शिरेना. एका सकाळी कंपनीची बस ऑफिससमोर थांबली, सगळे उतरले आणि मला उठताच येईना. हातपाय धड होते, ताप नव्हता. ड्रायव्हर मागे आला. तो तिथल्याच गावचा.

"सर, उतरायचं न्हाई का?"

"बरं वाटत नाहीये."

"मग बसा. गाडी सावलीला लावतो."

त्याने पाण्याची बाटली दिली आणि नंतर स्वतःचा रुमाल. रुमाल पुढे आला तेव्हा मला कळलं की मी रडतोय. एक धडधाकट इंजिनिअर ड्रायव्हरसमोर बसून रडतोय, या गोष्टीची मला आजाराहून जास्त लाज वाटली.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मनोविकारतज्ज्ञाकडे जायला सांगितलं. त्या वेळी माझ्यासाठी नगरहून एक स्थळ आलेलं होतं, बोलणी जवळजवळ ठरत आली होती. "डोक्याचा डॉक्टर म्हटलं की संपलं सगळं," आई म्हणाली. त्याच संध्याकाळी आईने मंडळीत सांगून टाकलं की मला कावीळ झाली आहे.

त्यानंतर जी माया घरी आली ती सगळी कावीळवाल्याची होती. कुणी उसाचा रस, कुणी फुटाणे, कुणी बिनतेलाची दुधीची भाजी. एका मावशींनी गळ्यात घालायला कसल्याशा मुळ्यांची माळ आणली. महिला मंडळाच्या बायका पलंगाभोवती उभ्या राहून प्रार्थना करत आणि मी डोळे गच्च मिटून पडलेला असे. त्यांना भक्तिभाव वाटायचा. मला भीती होती ती कुणी बुबुळांच्या कडेचा पिवळेपणा शोधण्याची. एकदा त्या मावशींनी माझी पापणी ओढून पाहिलीच. "उतरली हो," त्या आईला म्हणाल्या, "प्रार्थनेचं उत्तर आहे हे." आईने मान हलवली. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मनोविकारतज्ज्ञ खडकीच्या जवळपासही होते. आईने धायरीचे निवडले, कारण तिकडे आपलं कुणीच राहत नाही. आधी बस, मग रिक्षा. स्कूटरवरच्या मुली उन्हासाठी बांधतात तसा स्कार्फ आईने साडीवर चेहऱ्याला गुंडाळला होता. दवाखान्यात शिरलो तर समोरच्या बाकावर आमच्या मंडळीचे सेक्रेटरी बसलेले. शेजारी त्यांच्या पत्नी, आमच्या लहानपणी रविवारच्या शाळेत गाणी शिकवणाऱ्या बाई. त्या सोलापूरला बहिणीकडे राहायला गेल्या आहेत असं आम्ही सगळे समजून होतो.

सेक्रेटरी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. आईने स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला. रिकामी जागा त्यांच्या शेजारीच होती, म्हणून मी तिथे बसलो. आमची कोपरं एकमेकांना लागत होती आणि आम्ही परके असल्यासारखे बसून राहिलो. बाईंनी मात्र माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग आतून त्यांना बोलावलं.

पुढच्या रविवारी चर्चच्या दारात सेक्रेटरींनी नेहमीसारखा हात पुढे केला. "काय म्हणते कावीळ?"

"उतरतेय."

"छान, छान."

आम्ही दोघांनीही नजर हातांवरच ठेवली होती.

गोळ्यांनी हळूहळू झोप येऊ लागली, मी कामावर जायला लागलो. आईने उपासनेत उपकारस्तुती सांगितली, म्हणजे मी बरा झाल्याबद्दल देवाचे जाहीर आभार. अशा सूचना वाचायचं काम सेक्रेटरींचंच. ते पुढे गेले, चष्मा लावला आणि म्हणाले, "आपल्या मंडळीतील तरुण बंधूला प्रभूने..." आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा त्याच शब्दापाशी अडले. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. लोक एकमेकांकडे बघू लागले. त्या माणसाला तसं उभं असलेलं मला बघवेना. मी जागेवर उठलो आणि म्हणालो, "मला कावीळ नव्हती. मनाचा आजार होता. अजून औषध चालू आहे."

आमच्या चर्चच्या पाळकांनी घाईघाईने पुढचं गीत घ्यायला लावलं.

बाहेर चहाला सगळे माझ्याशी रस्त्याच्या खोदकामाबद्दल बोलले. महिला मंडळातल्या एकीने आईला बाजूला घेऊन उपास धरायला सांगितलं, घरात कुठलं पाप लपलंय का तेही विचारलं. त्या आठवड्यात आमच्याकडे कुणी डबा आणला नाही. नगरहून फोन आला, मुलीला आणखी शिकायचंय म्हणून. आईने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "खरं बोलायला चर्चच सापडलं का तुला? घरात जागा नव्हती?"

ती ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. लाज माझी होती, पण तिला ती मंडळीच्या नजरांसमोर न्यावी लागली.

काही दिवसांनी दुपारी सेक्रेटरी पत्नीला घेऊन घरी आले. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग ते कपाकडे बघत म्हणाले, "शनिवारी धायरीला जायचंय आम्हाला. तुमचीही तारीख असेल. एकत्र जाऊ या का?"

आई बाईंना म्हणाली, "तुम्ही सोलापूरला नव्हता तर."

"नाही. घरातच होते. पडदे लावून."

शनिवारी चौघांना घ्यायला एकही रिक्षावाला तयार होईना. चर्चसमोर आमची घासाघीस चाललेली पाहून पाळक बाहेर आले. कुठे निघालात, असं त्यांनी विचारलं. सेक्रेटरींनी सांगितलं, या वेळी न अडखळता. पाळक आत जाऊन गाडीची किल्ली घेऊन आले. सिंहगड रस्त्याच्या गर्दीत अडकलो असताना त्यांनी विचारलं, "माझं काय चुकलं?"

बाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "मी उपासना चुकवू लागले तेव्हा तुम्ही विश्वास कमी पडतो का विचारलंत. जेवलात का, असं विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं."

परत येताना गाडी थांबवून पाळकांनी सगळ्यांना इडली खायला घातली.

पुढे त्यांनी धायरीच्या डॉक्टरांना एका रविवारी बोलायला बोलावलं. अर्धी मंडळी चहाला निघून गेली. "हे चर्च आहे का दवाखाना?" असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. तरी उपासनेनंतर मागची खोली उघडी ठेवायला सुरुवात झाली. ज्याला बसायचंय त्याने बसावं. नियम एकच, तोही बाईंनी घातलेला: इथलं बोलणं प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखाली बाहेर न्यायचं नाही. पहिले कित्येक रविवार सेक्रेटरी, बाई आणि मी, आम्ही तिघंच असायचो. मग पापणी ओढणाऱ्या मावशी आल्या, जावयाबद्दल बोलायचंय म्हणाल्या. मग नुसत्या बसल्या. बाईंनी त्यांचा हात धरून ठेवला.

माझं लग्न नंतर झालं, सगळं आधी सांगून. आई त्या खोलीत कधी आली नाही. पण खोलीतल्या लोकांसाठी पोहे ती पाठवते, तेल घातलेले, आणि कुणी विचारलं तर तरुण संघाची मीटिंग आहे म्हणते. मला तिला दुरुस्त करता येत नाही. गोळी मी आजही घेतो. ऑफिसात शेजारी कुणी असेल तर पाठ वळवून, जरा घाईतच.