भावाने दिलेला वन्स मोअर

माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला मी ‘खुर्च्या मांडायला आणलेला माणूस’ म्हणालो. तो शेजारीच होता. त्याने ऐकलं.

मी शिकवतो त्या भंडाऱ्यातल्या कॉलेजात मुंबईचा एक वाद्यवृंद आला होता. चाळीस वादक, युरोपातल्या रोमँटिक काळातल्या गाजलेल्या रचना. प्रास्ताविक माझ्याकडे होतं. भाऊ आमच्याकडच्या, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत तीस वर्षं ऑर्गन वाजवतो. त्याला मीच हौसेने आमच्या गावाहून, कोंढ्याहून बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं.

तो माझ्या कानाशी लागून सांगत होता, “त्यायच्याबी नाटकात कोनी मेलं वाटते बे. आयक, ते मोठं व्हायोलिन कसं रडून राहिलं!” मी प्रास्ताविकात सनावळ्या सांगितल्या होत्या. हे मला सुचलं नव्हतं.

त्या मोठ्या व्हायोलिनची, म्हणजे चेलोची, ती संथ रचना संपली. भाऊ उभा राहिला, डोळे पुसले आणि नाटकाच्या मांडवात देतात तसा खणखणीत आवाज दिला, “वन्स मोअर!”

आमच्या भागात कलावंताला याहून मोठा मान नाही. भावालाही तो गावोगाव मिळालेला मी पाहिला आहे. पण मागे हसू फुटलं. प्राचार्यांनी वळून विचारलं, “तुमचे कोणी आहेत का?”

“नाही सर. खुर्च्या मांडायला गावाकडून आणलाय.”

भाऊ खाली बसला. पुढे त्याने टाळीसुद्धा वाजवली नाही.

कार्यक्रम संपला. मी पाहुण्यांना चहा देत होतो, तेव्हा तो दिसला. इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर सारून एकेक खुर्ची घडी करून भिंतीला लावत होता. प्राचार्य जवळच उभे होते, म्हणून मी त्याला थांबवलं नाही. ते गेल्यावर कप घेऊन गेलो.

“भाऊ, चहा घे.”

“काम होऊ द्या, सर.”

त्यानंतर कितीतरी महिने त्याने माझा फोन उचलला नाही. दिवाळीच्या तोंडावर मी कोंढ्याला गेलो. समाजमंदिरात नाटकाची दुपारची तालीम चालली होती. त्याला बाजूला घेऊन बोलायचं, असं वाटेत ठरवलं होतं. पण मला पाहूनही त्याने ऑर्गनवरचे हात काढले नाहीत. शेवटी सगळ्या नटमंडळींसमोर, त्या आवाजावर आवाज चढवून मी म्हणालो, “भाऊ, प्राचार्यायले मी खोटं सांगतलं. तू माहा भाऊ आहेस, हे सांगाची मले लाज वाटली. माहं चुकलं. मले माफ कर.”