मडमेने दिलेले पिलू

त्या काळी मी ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो आणि रोज कल्याणहून आगगाडीने जात असे. आमचे साहेब विलायतेला परत निघाले, तेव्हा त्यांच्या मडमेने आपल्या कुत्रीच्या चार पिलांपैकी एक मला देऊ केले. मडमेला नाही म्हणण्याची माझी छाती नव्हती.

तिने मलाच निवडायला सांगितले. मला फक्त बैल निवडता येत होता, म्हणून मी तसेच केले. प्रत्येकाचे भोवरे तपासले, दात पाहिले, शेपूट उचलून पाहिले. मडम दोन पावले मागे सरली. शेवटी सगळ्यांत गरीब दिसणारे पिलू मी पसंत केले. ते गरीब नव्हते, त्याला झोप आली होती, हे गाडीत बसल्यावर कळले.

पिलू नारळाएवढे, अंगभर रेशमासारखे लांब केस. ते रोज नुसते विंचरायचे, असे मडमेने बजावले होते. आमच्या कुटुंबाने पहिल्याच दिवशी त्याला खोबरेल तेल चोपडले. रेशीम अंगाला चिकटले आणि आतून जेमतेम उंदराएवढे काहीतरी निघाले. ते पाहून ती पोट धरधरून हसली. आमचे तान्हे मूल जाऊन वर्ष झाले होते, तेव्हापासून मी तिला हसताना पाहिले नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी पगडी झटकत बसलो.

पण घरात आत्या होती. बालविधवा, मला तिनेच वाढवलेले. तिचे सोवळे असे कडक की वाऱ्यानेही विचारून आत यावे.

"आठ दिवसांवर तुझ्या वडलांचं श्राद्ध आहे," ती म्हणाली. "घरात कुत्रं असलं तर मी चुलीला हात लावायची नाही."

आत्याचा शब्द मोडणे माझ्याच्याने होणार नव्हते. कुटुंब पिलाच्या केसांतून फणी फिरवत बसले होते. पिलू फणीवर गुरगुरले, स्वतःच्याच गुरगुरण्याला भिऊन तिच्या पदरात शिरले, आणि ती पुन्हा हसली.

आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली. बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली, मग पिलाकडे.

"याला कुत्रं कोण म्हणालं?" ती माझ्यावरच उखडली. "एवढंसं कुत्रं असतं का कुठे? विलायती मांजर आहे ते."

मांजराला आमच्याकडे सोवळ्यातही मज्जाव नसे. "मांजरच ते," मी म्हणालो.

श्राद्धाच्या दिवशी मांजर माजघरात कोंडले होते. भटजींनी पहिला घास उचलला आणि ते आतून खणखणीत भुंकले. कुत्र्याची नजर पडली तरी श्राद्ध फुकट, आणि भटजी पानावरून उठणार! श्राद्धाला जेवताना बोलायचे नसते, म्हणून त्यांनी नुसत्या भुवया उंचावून आत्याकडे पाहिले. आत्या जन्मात खोटे बोलली नव्हती.

"मांजर आहे," ती शांतपणे म्हणाली. "घसा बसलाय त्याचा. खीर वाढू?"

भटजींना खीर फार आवडे. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आत्याने त्या खोट्यासाठी निर्जळी उपास धरला. कुटुंब कावरेबावरे झाले. "आत्याबाई, याला परत पाठवू या का?"

"पाठवायचंच असतं," आत्या म्हणाली, "तर उपास कशाला केला असता?"