अरीजच्या मापाचे हातमोजे

कुबरा मूळची दाभोळची. मुंबईत ती कवळ्यांसाठी दातांचे साचे घ्यायची. लग्नानंतर कादिरबरोबर सौदीत, जुबैलला आली आणि हातमोजे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागली. पुढे तिथे अंतराळवीरांच्या सरावाच्या हातमोज्यांचं काम आलं. ज्याच्या त्याच्या हाताचा साचा घ्यायचा, त्यावर रबराचा थर चढवायचा, वरून ताणलं न जाणारं कापड शिवायचं.

सगळ्यांत आधी आली अरीज, रियाधची तरुण डॉक्टर, अंतराळ मोहिमेच्या निवडीसाठी सराव करणारी. कुबराने तिचा हात गार लगद्यात बुडवला. "हलू नको हं, बेटी," ती मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली. अरीज हसली आणि तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागली.

मोजे घालून, हवा काढलेल्या पेटीत हात खुपसून अरीज रोज नटबोल्ट फिरवायची. आतल्या दाबाने मोजा फुगून ताठ व्हायचा. मूठ वळायची तर दरवेळी जोर लावावा लागायचा. कसं वाटतंय विचारलं, की "छान" एवढंच.

एका दुपारी कुबराने तिला खजूर दिला. अरीजने तो बोटांची टोकं न लावता, पेरांतच धरला. कुबराने तिचा हात ओढून घेतला. दोन नखं काळीनिळी पडली होती.

"कुणाला सांगू नका, खाला. तक्रार केली तर मला वगळतील."

"मग मी माझ्या मोज्याची तक्रार करते."

कुबरा तडक साहेबांकडे, ज्ञानेशकडे गेली. "माझा साचा चुकला, सर. हात उघडा ठेवून घेतला, आणि काम मुठीचं आहे. पुन्हा करते."

या खेपेला अरीजने मूठ अर्धी मिटली. लगदा घट्ट होईपर्यंत कुबरा तिचं मनगट धरून बसली. नव्या मोज्यांत नखं टोकाला टेकेनाशी झाली, आणि हळूहळू काळेपणाही गेला.

मोहिमेसाठी मात्र निवड दुसऱ्याचीच झाली. अरीज स्वतः सांगायला आली. कुबराचेच डोळे भरून आले.

"मी गाडीत रडून घेतलंय," अरीज म्हणाली. "हे मोजे आता कुणाला देणार?"

"दुसऱ्या कुणाला बसणारच नाहीत."

अरीजने उजवा मोजा चढवला आणि मूठ मिटली. कुबराने ती जाडजूड मूठ दोन्ही हातांत धरली.

"कळतंय का गं, हात धरलाय ते?"

"कळतंय."

मग कुबरा म्हणाली, "चल घरी. कादिरने सुरमई आणलीय."