बॅटवरची मधली जागा

माणसाने काहीतरी जमवावं, असं माझं पहिल्यापासून मत आहे. काय जमवावं याबद्दल मात्र माझं आणि बायकोचं एकमत नव्हतं. ती सोनं म्हणायची. आम्ही शारजात राहत होतो, सोन्याची दुकानं हाकेच्या अंतरावर होती, त्यामुळे तिची बाजू भक्कम होती. मी क्रिकेट जमवत होतो.

क्रिकेट म्हणजे च्युइंगगमबरोबर मिळणारी खेळाडूंची कार्डं, मॅचच्या तिकिटांचे फाडलेले अर्धे तुकडे, टोप्या आणि सह्या. एक पाण्याची बाटलीही होती. एका वेगवान गोलंदाजाने ती सीमारेषेवर अर्धी पिऊन ठेवली होती. उरलेलं पाणी मी कधी ओतलं नाही. पाहुण्यांना बाटली दाखवली की पाहुणे बायकोकडे बघायचे.

कार्डांचा आनंद ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळणार नाही, तरी सांगतो. खालच्या किराणा दुकानातून पाकीट आणायचं. लगेच फोडायचं नाही. चहा होऊ द्यायचा, हात कोरडे करायचे, मग कडेने फाडायचं. आत गमची पांढरी पूड लागलेलं कार्ड असायचं आणि त्याला गोडसर वास यायचा. कोण निघणार ते माहीत नसायचं. खरं तर माहीत असायचं, कारण आमच्या दुकानात आलेल्या खोक्यांतून बहुतेक वेळा एकच राखीव यष्टिरक्षक निघायचा. हा माणूस प्रत्यक्षात फारसा खेळल्याचं मला आठवत नाही, पण माझ्याकडे त्याची गड्डी होती. गम मुलगी खायची. तिचे दात किडले तेव्हा डॉक्टरांसमोर बायको माझ्याकडे बघत राहिली. मी भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचला.

मी हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. आमचा स्टोअरकीपर लाहोरचा, आणि तोही जमवणारा. जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण उलटं ठेवून त्यावर आमची देवाणघेवाण चालायची. तो त्याच्या संघाचं एक कार्ड द्यायला माझ्या संघाची दोन मागायचा. मी यष्टिरक्षक पुढे करायचो. “भाईजान, ये बंदा तो मेरे घर के पर्दे के पीछे भी निकलता है,” तो म्हणायचा. मॅच हरल्यावर आम्ही दोघं एकमेकांशी दोन दिवस बोलायचो नाही, पण त्या दिवसांतही अदलाबदल थांबली नाही. ती मुकाट्याने व्हायची.

जमवणाऱ्यांतही अडाणी लोक असतात. कार्डांना रबरबँड लावणारे असतात. सहीवर लॅमिनेशन करणारे असतात, त्यांच्याशी मी बोलतच नसे. उन्हाळ्यात आम्ही सुट्टीवर पुण्याला यायचो तेव्हा मी बेडरूमचा एसी चालू ठेवून यायचो, नाहीतर दमट हवेत कार्डं वाकतात. बायकोला ते बिल पाठ असायचं. “दीडशे दिरहम,” ती विमानातच सुरू करायची, “म्हणजे पंधराशे रुपये. कार्डांना गार वारा खायला.” मला तो खर्च योग्य वाटायचा. घर भाड्याचं, सोफा कंपनीचा, गाडी कंपनीची, व्हिसा कंपनीच्या मर्जीचा. माझं म्हणावं असं कपाटाच्या खालच्या कप्प्यातच काय ते होतं.

त्या कप्प्यात, उशीच्या अभ्र्यात, ती बॅट होती.

बॅट मी कोरी विकत घेतली होती. तिने एकही चेंडू मारलेला नाही, आणि माझ्या हातात असती तर फारसे मारलेही नसते. आपला संघ शारजात आला होता आणि हॉटेलच्या लॉबीत बसची वाट बघत बसला होता. बस उशिरा आली, हे माझं नशीब. मी बॅट आणि काळं मार्कर पहिल्या खेळाडूच्या हातात दिलं आणि ती हातोहात सोफ्यांवरून फिरत गेली. सगळ्यांनी सह्या केल्या. मॅनेजरने सर्वांत मोठी केली. फिजिओने केली, सामान बघणाऱ्या माणसानेही केली. पण सगळ्यांनी कडेकडेने केल्या. मधे, बरोबर जिथे चेंडू लागला की चांगला आवाज येतो तिथे, तळहाताएवढी जागा प्रत्येकाने आपणहून सोडली होती. ती त्याची होती, संघातल्या सर्वांत मोठ्या फलंदाजाची. तो खेळायला आला की आमच्या कारखान्यात मशीन चालू असायची आणि माणसं बंद असायची. त्या दिवशी बस येताच तो मागच्या लिफ्टने परस्पर तिच्यात जाऊन बसला.

बॅट घरी आली. सह्या मी एकदा नीट बघितल्या. त्यानंतर दर शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी अभ्रा काढून मी फक्त ती मधली जागा बघायचो. ती भरायची, एवढीच माझी इच्छा होती. माणसाच्या याहून मोठ्या इच्छा असतात हे मला कळतं, पण माझी ही होती आणि ती मनापासून होती. त्यानंतर तो दोनदा आला. एकदा मी स्टेडियमच्या चुकीच्या गेटला उभा होतो. दुसऱ्यांदा गेट बरोबर होतं, पण माझ्या वाट्याला त्याचं कोपर आलं.

मग खंडेनवमी आली.

आखातात आपले सण सुट्टी बघून येत नाहीत. मी सकाळी कारखान्यात निघालो होतो, बूट घालत होतो. बायकोने पाटावर लाल कापड पसरलं होतं. खंडेनवमीला आपण ज्या हत्यारांवर पोट भरतो त्यांची पूजा करतो. हत्यारं म्हणजे आमच्याकडे माझा व्हर्नियर कॅलिपर, कॅल्क्युलेटर, स्क्रूड्रायव्हरचा सेट, तिची शिवणाची कात्री आणि विळी. बायकोने विचारलं, “अहो, तुमचं आणखी काय काय ठेवू?” यावर मी “ठेव सगळं” म्हणालो, असं तिचं म्हणणं आहे. मला आठवत नाही.

संध्याकाळी घरी आलो तर धूप दरवळत होता. पाटावर कॅलिपर होता, कॅल्क्युलेटर होता आणि मधोमध, भिंतीला टेकवून, झेंडूचं फूल वाहिलेली माझी बॅट होती. मधल्या जागेत कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक होतं. चारी टिंबांसकट.

बायको म्हणाली, “सह्यांना धक्का नाही लावला हं. मुद्दाम रिकामी जागा बघून काढलंय.”

तिने कॅलिपरवर काढलं असतं, दांड्यावर काढलं असतं तरी चाललं असतं, पण तिने अक्कल वापरली होती. सह्या वाचवल्या होत्या. एवढ्या काळजीने केलेल्या गोष्टीवर ओरडताही येत नाही, आणि मी ओरडलो. देवासमोर ओरडलो. मुलगी खोलीतून बाहेर येऊन म्हणाली, “बाबा, इट्स जस्ट अ डिझाइन.” मग मी तिच्यावरही ओरडलो.

ओल्या कापसाने पुसायला गेलो, तर लाकडाने कुंकू पिऊन टाकलं होतं. कडेला गुलाबी पसरायला लागलं. शिवाय खंडेनवमीच्या दिवशी पूजेचं स्वस्तिक पुसताना हात आपोआप थांबला. म्हणजे तांत्रिक आणि धार्मिक अशी दोन्ही कारणं होती. आठवडाभर मी बायकोशी अबोला धरला. तिला बहुधा आराम वाटला असावा.

स्टोअरकीपरला मी बॅट दाखवली. त्याने ती उजेडात धरली, उलटसुलट केली आणि परत अभ्र्यात घातली. “खलास,” तो म्हणाला. माझ्याइतकं वाईट त्यालाही वाटलेलं दिसलं, म्हणून त्याने मला एक चांगलं कार्ड फुकट दिलं. असं त्याने आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही.

पुढच्या वर्षी, दसऱ्याच्या बऱ्याच आधी, बातमी आली की तो फलंदाज दुबईत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूमचं उद्घाटन करायला येणार आहे. मी कामाला लागलो. मला कोणी कारण विचारू नये म्हणून पोळपाटाच्या मागच्या बाजूला कुंकू लावून, वाळवून, त्यावर वेगवेगळी मार्करं चालवून पाहिली. जाड काळं मार्कर लाल रंगाला पुरून उरत होतं. सही स्वस्तिकावरूनच घ्यायची, असं ठरलं. चालण्यासारखं होतं. मनातून मी ते मान्य केलं होतं.

निघताना बायको कुंकवाची कोयरी घेऊन दारात आली. “चांगल्या कामाला निघालोय,” असं म्हणत तिने बोट ओलं करून बॅटवरचं स्वस्तिक परत गिरवलं.

“अगं, वाळलेलं होतं ते!”

“फिकट झालं होतं,” ती म्हणाली.

गाडीत बॅट मी मांडीवर आडवी धरली. गाडी बायको चालवत होती, मुलगी मागे बसली होती. मी एसीचा झोत बॅटवर वळवला. पण शोरूमपर्यंत मधला भाग ओलसरच राहिला.

रांग मोठी होती. लोकांनी टोप्या आणल्या होत्या, प्लास्टिकच्या बॅटी आणल्या होत्या, एकाने टोस्टरचं खोकं आणलं होतं. गार्ड “यल्ला, यल्ला” करत माणसं पुढे ढकलत होता. मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं. माझी पाळी आली तेव्हा त्यातलं काहीच आठवलं नाही. मी बॅट पुढे केली.

त्याने ती सहीच्या वस्तूसारखी घेतली नाही. दांडा धरून घेतली आणि गालिच्यावर एकदा हलकेच टेकवली, बॅट हातात आली की करतात तशी. मग समोर धरली. सहकाऱ्यांच्या सह्या बघून हसला. मधल्या जागेवर त्याचे डोळे थांबले.

“पूजा की है?” त्याने विचारलं.

मी मान हलवली.

त्याने मार्कर खाली ठेवलं. उजव्या हाताचं बोट स्वस्तिकावर टेकवलं आणि कपाळाला लावलं. “इस पे कैसे लिखूँ?” तो म्हणाला, आणि बॅट दोन्ही हातांनी परत दिली. गार्ड म्हणाला, “यल्ला.” टोस्टरवाला पुढे सरकला आणि त्याच्या खोक्यावर सही झाली.

आम्ही बाहेर आलो. मुलगी म्हणाली, “बाबा, ही डिडन्ट साइन.” मी म्हणालो, माहीत आहे. पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडताना बायको म्हणाली, “मागची बाजू अख्खी रिकामी होती की हो.”

हे मला लॉबीत सुचलं नव्हतं, पुसताना सुचलं नव्हतं, पोळपाटावर प्रयोग करताना सुचलं नव्हतं. मी गाडीत बसलो आणि शारजा येईपर्यंत बॅट तशीच मांडीवर धरून राहिलो. रडू येत होतं. टोस्टरवाल्याचा राग येत होता.

घरी दिव्याखाली बॅट अभ्र्यात घालायला घेतली, तेव्हा दिसलं. स्वस्तिकाच्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे, ओल्या कुंकवात, बोटाचा ठसा उमटला होता. बारीक वळणांसकट. मी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, “अय्या. सगळ्यांच्या सह्या आणि ह्याचा अंगठा.”

“अंगठा नाही, बोट,” मी म्हणालो. इतका आनंद मला त्या देशात कधी झाला नव्हता. व्हिसा लागला तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात उद्घाटनाचा फोटो आला. फोटोत त्याच्या कपाळावर लाल ठिपका होता. खाली लिहिलं होतं की पाहुण्यांचं पारंपरिक पद्धतीने स्वागत करण्यात आलं. मी ते कात्रण कापून अभ्र्यात बॅटसोबत ठेवलं. स्टोअरकीपरने दोन्ही एकमेकांशेजारी धरून पाहिलं. “सही तो कोई भी नकली मार ले,” तो म्हणाला. मग त्याने बदल्यात काय हवं ते विचारलं. मी बॅट अभ्र्यात घातली.

पुढच्या खंडेनवमीला मी रजा टाकली. बॅट मी स्वतः कपाटातून काढली आणि पाटावर ठेवली. बायको तबक घेऊन आली, बोट कुंकवात बुडवलं आणि तशीच थांबली. बॅटच्या समोरच्या बाजूला आता कुठेच जागा नव्हती.

“कुठे काढू?” तिने विचारलं.

मी बॅट उलटी करून तिच्यापुढे धरली. मागची बाजू अजून कोरी होती. “इथे काढ,” मी म्हणालो. “मोठं काढ.”