लाईन जायच्या तयारीत

"लाईनचा काही भरोसा नाही, बाई," असं म्हणून काकाजी जळत्या बल्बकडे असे बघत, जसं तिकीट न काढता बसलेल्या प्रवाशाकडे बघावं. एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झाल्यावर ते देवरीत आमच्या शेजारी राहायला आले होते. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. भर उजेडात ज्याचं सगळं लक्ष अंधाराकडे असतं.

आमच्याकडे वीज जाते हे खरंच. वारं सुटलं की जाते, तारेवर फांदी पडली की जाते, आणि कधी कधी काहीच झालेलं नसतं तरी जाते. आम्ही बाकीचे अशा वेळी ओट्यावर येऊन समोरच्याची गेली का ते बघतो. त्याचीही गेली असेल तर बरं वाटतं. काकाजींचं एवढ्यावर भागत नसे. त्यांच्या घरी पिठाचे डबे गच्च, बादल्या-घागरी काठोकाठ. प्रत्येक चौकटीला खिळा आणि खिळ्याला टॉर्च. मिक्सर असूनही चटणी पाट्यावरच वाटायची, कारण हाताची सवय सुटली आणि लाईन गेली तर?

काकू एकदा शांतपणे म्हणाल्या, "लाईन गेली तं काय कराव, मले सारं पाठ हाय. असली तं काय कराव, तेवढं सांगून ठेवा."

इन्व्हर्टर हा तर त्या घरातला देव. कोपऱ्यात लाकडी पाटावर बसवलेला, वर काकूंच्या जुन्या साडीचं आवरण. वीज गेली तरी काकाजी तो सुरू करू देत नसत. आत्ता बॅटरी उतरवली आणि पुढे लाईन जास्त वेळ गेली तर काय, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आम्ही जसे घामाघूम, तसेच तेही. फरक इतकाच, की त्यांच्या हातात पेटलेला टॉर्च असे.

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी असं वादळ आलं की विजेचे खांब शेतात आडवे झाले आणि सडकेवर झाडं पडली. लाईन लवकर येत नाही, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळून चुकलं. काकाजींचा चेहरा गंभीर होता, पण चाल मात्र लग्नघरातल्या कर्त्या माणसासारखी. आयुष्यभराची तयारी एकदाची कामी येणार होती.

दुपारी समोरच्या घरातली सून काकाजींच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिच्या लहान मुलीला दम्याचा त्रास. सकाळी दवाखान्यात दाखवून औषध आणलं होतं, पण वाफ द्यायची मशीन विजेवर चालणारी. दिवसातून अनेकदा वाफ द्यावी लागणार होती आणि पोरीला तर धाप लागलेली. मशीन तुमच्याकडे आणून लावू का, असं तिने चाचरत विचारलं.

काकाजींनी आत जाऊन इन्व्हर्टरवरचं साडीचं आवरण काढलं.

"लेकराले कायले हलवून राहिली?" ते म्हणाले. "इन्व्हर्टरच घेऊन जा."

हातगाडीवर तो समोर गेला. बॅटरी हलू नये म्हणून काकाजी तिला दोन्ही हातांनी धरून चालत होते. तारा त्यांनी स्वतः जोडल्या आणि निघताना बजावलं, "मशीनच चालवजा. टीव्ही लावसान तं उचलून आणीन."

काकाजींनी इन्व्हर्टर दिला ही बातमी गल्लीत पसरली आणि मग लोकांची भीड चेपली. कोणी पाण्याची घागर नेली, कोणी पीठ नेलं, आणि टॉर्च तर सगळ्यांनाच हवे होते. दिवस कलला तेव्हा त्या घरात नुसते खिळे उरले होते.

मी जेवणाचा डबा घेऊन गेले, तर दोघं ओट्यावर चटई टाकून बसलेले. काकाजींनी काकूंच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. काकू हळूच मला म्हणाल्या, "भेव लागते त्याईले अंधाराचं. लगन झालं तवापासून पाहून राहिली मी." काकाजींनी ते ऐकलं आणि नाकारलं नाही. फक्त काकूंना म्हणाले, "तू बोलत राय."

आणि काकू बोलत राहिल्या. माहेरच्या दरेकसाचं जंगल, तिथलं छोटं स्टेशन, गाडीच्या शिट्टीला दचकणारी त्यांची बकरी. हे सगळं ऐकायला काकाजींना इतकी वर्षं उजेडात सवड झाली नव्हती. मी घरी परतल्यावरही त्यांचं मोठ्याने हसणं ऐकू आलं.

लाईन आली. पोरीची धापही थांबली. काकाजी इन्व्हर्टर आणायला गेले आणि रिकाम्या हाताने परतले. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, पावसाळा समोर आहे, पोरीची छाती नाजूक आहे, राहू दे तिथंच. घागरी परत आल्या, टॉर्च मात्र निम्मेच आले. त्या टॉर्चांबद्दल ते पुढे कितीतरी महिने कुरकुरत होते. इन्व्हर्टरबद्दल एक शब्द नाही.

नंतर त्यांचा मुलगा दोघांना नागपुरात आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. तिथे वीज जातच नाही, हे त्याने आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितलं.

मी एकदा भेटायला गेले. काकू मालिका बघत होत्या. काकाजींनी देवरीतल्या समोरच्या पोरीची चौकशी केली. आता धावते, शाळेतही जाते, असं मी सांगत होते तेवढ्यात लाईट गेली. काकाजी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागले. खाली इमारतीचं जनरेटर घरघरलं आणि पंखा थांबायच्या आत पुन्हा वेगाने फिरू लागला, काकूंची मालिकाही सुरू झाली.

काकाजी अर्धवट उठलेले तसेच राहिले. आपण कशासाठी उठलो हे आठवत नसल्यासारखं त्यांनी खोलीभर पाहिलं आणि सावकाश परत बसले.